आम्ही म्हणजे कोण?

“मगदूम, सांगली हितं कधी आली रे?”

पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीच्या स्वागतकक्षात मी नुकतंच पाऊल टाकलं होतं. टाय नीट बसलाय का ते काचेत बघत होतो. आवाज ऐकला आणि माझी बोबडीच वळली. कोपऱ्यातल्या सोफ्यावर आमचे शिरगुप्पे साहेब बसले होते. माझे साहेब. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीत आठ वर्षं मी ज्यांच्या हाताखाली काम करत होतो, तेच. अंगात नवा करकरीत कोट, मांडीवर फाईल. आणि मी आदल्याच दिवशी त्यांच्याकडून रजा मंजूर करून घेतली होती, सांगलीत मेव्हण्याचा साखरपुडा आहे म्हणून.

“साहेब, तुमचं... मिरज?” मी कसंबसं म्हणालो. कारण त्यांनीही त्याच दिवसाची रजा टाकली होती, मिरजेला डोळे दाखवायला जायचं म्हणून.

“डोळं दाखवूनच आलोय. लांबचं चांगलं दिसायलंय आता. तू दारातनं आलास तवाच दिसलास. बस.”

मी बसलो. दोघांच्या मधे एक कुंडी होती. तिच्यातलं झाड प्लास्टिकचं आहे की खरं, हे मी बराच वेळ बघत राहिलो, कारण दुसरीकडं कुठं बघायची सोय नव्हती.

“एकच जागा हाय म्हणं,” साहेब म्हणाले.

“होय साहेब. मेथडिंगचा प्रमुख.”

“ते मला म्हाईत हाय. मी बी जाहिरात वाचूनच आलोय.”

ह्या गोष्टीला आता सव्वीस वर्षं होऊन गेली. पण आम्ही दोघं तिथं का पोचलो होतो, ते सांगितलं पाहिजे. फाउंड्रीत बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तापलेला रस साच्यात कुठून सोडायचा, आधी काय थंड व्हायला हवं आणि नंतर काय, हे सगळं आधी कागदावर ठरवतात. त्याला आम्ही मेथडिंग म्हणतो. तो विभाग शिरगुप्पे साहेबांचा. मी इंजिनिअर म्हणून लागलो, दोन वर्षांत सीनियर इंजिनिअर झालो, आणि तिथंच चिकटलो. वर खुर्ची एकच आणि तिच्यावर साहेब. ते वर्क्स मॅनेजर झाले असते तर मी त्यांच्या जागी सरकलो असतो. पण मुलाखतीच्या चार वर्षं आधी ती जागा रिकामी झाली तेव्हा तिच्यावर मालकांचा पुतण्या येऊन बसला. वय वर्षं सत्तावीस. साहेब अडकले म्हणून मी अडकलो, असा सगळा मामला.

माझी बायको वैजयंता तोंडाची फटकळ. ती म्हणायची, “सहा वर्षं तेच व्हिजिटिंग कार्ड. पुढच्या वेळी छापताना एकदम हजारभर छापून घ्या, निवृत्तीपर्यंत पुरतील.” मी हसायचो, पण रात्रभर ते टोचत राहायचं. माझ्याबरोबर शिकलेली पोरं कुठल्या कुठं पोचली होती. मी पस्तिशीला आलो होतो. ही नोकरी मला हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून माझं काही खरं नाही, असं मी मनाशी घेतलं होतं.

साहेब एकोणपन्नासचे होते. त्यांच्यासाठी ही शेवटचीच संधी होती हे मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं. पन्नाशीनंतर कोण बोलावतो? आणि तो कोट. शिरगुप्पे साहेबांना मी लग्नकार्यातसुद्धा कधी कोटात बघितलं नव्हतं. खास ह्या दिवसासाठी शिवून घेतलेला होता, बगलेत खडूची रेघ अजून दिसत होती.

दया यायला हवी होती मला. आली नाही. उलट राग आला, कारण त्यांच्या फाईलमधे काय लिहिलेलं असणार ते मला पाठ होतं.

मुलाखतीच्या दोन वर्षं आधी एका गिअरबॉक्सच्या हाउसिंगनं, म्हणजे बाहेरच्या कवचानं, आमचा जीव खाल्ला होता. शंभर नग ओतले की अठ्ठावीस आत पोकळ निघायचे. साहेबांनी सगळं करून बघितलं. शेवटी मी म्हटलं, साचाच उलटा करू, जाड भाग वर आहे तो खाली घेऊ. आठ दिवस साहेब नाही म्हणत होते. नवव्या दिवशी सही केली आणि म्हणाले, “कर जा.” रिजेक्शन तीन टक्क्यांवर आलं. मी घरी पेढे घेऊन गेलो. आणि पुढच्या सोमवारी मालकांच्या बैठकीत, माझ्या शेजारी बसून, साहेब म्हणाले, “साचा मी उलटा केला.”

मी!  त्यांची सवयच ती. विभागात कुणीही काही करू दे, वर सांगताना ‘मी’. आम्ही पाठीमागं त्यांना ‘मी साहेब’ म्हणायचो.

“मगदूम कोण?” स्वागतकक्षातल्या बाईंनी विचारलं. मी उठलो.

“जा,” साहेब म्हणाले. “टाय जरा ढिल्ला कर, चेहरा लाल झालाय.”

आत दोघे जण होते. एक जण नुसतं लिहून घेत होता. बोलत होते ते दाबके साहेब, कंपनीचे टेक्निकल डायरेक्टर. पांढरे केस, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि प्रत्येक शब्द सुटा सुटा करून बोलणं. थोडं शिक्षण, थोडे आकडे असं विचारून ते मुद्द्यावर आले.

“गिअरबॉक्स हाउसिंगचं रिजेक्शन अठ्ठावीसवरून तीन टक्क्यांवर आणलंत असं लिहिलंय. कसं आणलंत?”

“आम्ही साचा उलटा केला सर.”

“कोणी?”

“आम्ही.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही म्हणजे... आम्हीच की.”

“किती जण होतात?”

“एकटाच होतो सर.”

दाबके साहेबांनी चष्मा काढला. “एकटे होतात, मग ‘आम्ही’ कशाला?”

आता ह्याला काय सांगायचं? आमच्याकडं एकटा माणूस घरी जाऊन सांगतो, आम्ही जेवलो, आम्ही झोपलो. ‘मी केलं, मी केलं’ असं म्हणणारा माणूस आमच्या आईच्या लेखी वाया गेलेला. लहानपणापासून जिभेला वळणच ते. मी तसं सांगायचा प्रयत्न केला. माझ्याच कानाला ते सारवासारव केल्यासारखं वाटलं.

“असं बघा,” त्यांनी दुसरा एक अर्ज माझ्यापुढं सरकवला, नाव हातानं झाकून. “हेच काम, हेच आकडे. इथं मात्र स्पष्ट लिहिलंय: ‘साचा उलटा करून मी रिजेक्शन कमी केलं.’ आता मला सांगा, ‘मी’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू, की ‘आम्ही’ म्हणणाऱ्यावर?”

नाव झाकायची काही गरज नव्हती. अक्षर मी आठ वर्षं वाचत होतो.

“कल्पना माझी होती सर,” मी म्हणालो. “सही साहेबांची होती.”

“मग काम कोणाचं?”

‘माझं’ म्हणून टाकायचं होतं. एक शब्द. पण भिंतीपलीकडं कोट घालून तो माणूस बसला होता. “म्हणजे... आमचं,” मी म्हणालो.

दाबके साहेबांनी चष्मा परत घातला आणि म्हणाले, “बाहेर बसा. जाऊ नका.”

मी बाहेर आलो. स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. साहेब उठले, कोटाची बटणं लावली, एक चुकीच्या काजात गेलं, परत काढून लावलं. “कसं हाय मनुष्य?” त्यांनी विचारलं.

“शब्दाशब्दाला धरतोय साहेब.”

“बरं झालं सांगितलंस,” असं म्हणून ते आत गेले.

दहा मिनिटंही झाली नसतील. त्या बाई परत आल्या. “तुम्हालाही आत बोलावलंय.”

आत साहेब ताठ बसले होते. शेजारची खुर्ची मला दाखवण्यात आली. टेबलावर आमचे दोन्ही अर्ज शेजारी शेजारी उघडे पडले होते.

“माफ करा, ही काही मुलाखतीची रीत नव्हे,” दाबके साहेब म्हणाले. “पण तुम्ही दोघं एकाच फाउंड्रीतून, एकाच जागेसाठी, एकच काम आपलं म्हणून आला आहात. मला दोन मिनिटांत उत्तर हवंय आणि समोरासमोर हवंय. शिरगुप्पे, साचा कोणी उलटा केला?”

 साहेबांनी अर्जाकडं बघितलं. पंख्यानं पान उडत होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.  आता येणार ‘मी’, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

“ह्यानं,” साहेब म्हणाले.

“मग अर्जात तुम्ही ‘मी’ लिहिलंय ते?”

“चुकलं. आमच्याकडची बोली तुम्हाला कळायची न्हाई साहेब. हा गडी एकट्यानं करतो आणि ‘आम्ही’ म्हणतो. मी चौघांनी केलेलं ‘मी’ म्हणतो. विभागाच्या कागदावर सही माझी, म्हणून काम बी माझं, असा आमचा रिवाज. अर्ज लिहिताना तोच हात चालला. पेन द्या जरा.”

लिहून घेणाऱ्या माणसानं पेन दिलं. साहेबांनी त्या ओळीवर सरळ रेघ मारली, पट्टीनं मारल्यासारखी, आणि बाजूला सही केली.

“तुमचा ह्याला विरोध होता का?”

“आठ दिवस होता. मला पटत नव्हतं. पण ह्यानं मांडलेल्या गणितात मला चूक सापडंना. चूक सापडत न्हाई तर सही करायला पायजे. केली.”

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. हा माणूस आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेत होता आणि आवाज असा, की जणू शिफ्टचा रिपोर्ट देतोय.  आनंदही झाला, खोटं कशाला बोलू? नोकरी माझी होती. मला ती समोर दिसत होती.

दाबके साहेबही थोडे मऊ झाले असावेत. त्यांनी विचारलं, “शिरगुप्पे, आणखी एक विचारतो. अठरा वर्षं एका ठिकाणी काढलीत. वर्क्स मॅनेजर का झाला नाहीत? मालकांचे नातेवाईक, असं काही?”

“न्हाई, पुतण्या नंतर आला. आधी माझं नाव पक्कं झालं होतं. चार वर्षांपूर्वी. पत्र टाईप व्हायचं तेवढं बाकी होतं. त्याच महिन्यात पंपाच्या बॉडीचा चाळीस टन माल गिऱ्हाइकाकडनं परत आला. मग माझं नाव मागं पडलं. बरोबरच हाय, कुणीबी पाडलं असतं.”

“काय चुकलं होतं?”

“फीडरचा गळा एकोणीस मिलिमीटर पायजे होता, तो अकरा झाला. आधीच गोठला. आत रस गेला न्हाई. सगळा माल पोकळ.”

“चूक कोणाची?”

“माझी,” साहेब म्हणाले. “मापाच्या चिठ्ठीवर सही माझी होती.”

 ती चिठ्ठी मी लिहिली होती.

ओतलेलं बीड थंड होताना आकसतं. आत पडणारी पोकळी भरायला शेजारी रसाचा साठा ठेवावा लागतो, तो फीडर, आणि त्यातून रस मालात जायची वाट म्हणजे त्याचा गळा. साच्यांचे लाकडी नमुने करणाऱ्या आमच्या पॅटर्न शॉपमधले शंकरअप्पा सुतार हाताचे जादूगार होते, पण शाळा मराठी चौथीपर्यंत. आकडे वाचायचे ते फक्त मराठी. म्हणून विभागात एक कडक नियम होता: पॅटर्न शॉपची चिठ्ठी मराठी आकड्यांत. त्या दिवशी मी घाईत होतो. मी इंग्रजीत एकोणीस लिहिलं, एक उभी रेघ आणि पुढं नऊ. इंग्रजी नऊ आणि मराठी एक, बघा कधी शेजारी शेजारी लिहून. अप्पांनी इमानदारीत अकरा वाचलं. अकराचा गळा केला.

माल परत आला तेव्हा मी साहेबांच्या केबिनमधे जाऊन रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले होते, “मी बघतो. तू आणि अप्पा, दोघंबी तोंड उघडू नका.” पंधरा दिवस गडबड झाली आणि मिटली. मी म्हटलं, सुटलो. साहेबांचं नाव त्याच महिन्यात लागलं होतं, पत्र टाईप व्हायचं राहिलं होतं, हे मला कधी कुणी सांगितलं नाही. ते मी त्या पुण्याच्या खोलीत, नोकरीसाठी त्यांच्याविरुद्ध बसलेलो असताना, पहिल्यांदा ऐकत होतो.

“सर,” मी म्हणालो, “ती चिठ्ठी...”

“मगदूम,” साहेबांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, “तुला विचारलं का? विचारल्याशिवाय बोलायचं न्हाई.”

आणि मी गप्प बसलो. आज सांगायला लाज वाटते, पण सांगतो. गप्प बसायला मला साहेबांच्या दटावणीची गरज नव्हती. घास तोंडाशी आला होता. मी नुसतं निमित्त शोधत होतो, ते त्यांनी दिलं.

दुपारी स्वारगेटला एकाच बसमधे बसलो. साहेबांनी कोट काढून उलटा घडी घातला आणि मांडीवर ठेवला. “भाचीच्या लग्नात चालंल,” म्हणाले. साताऱ्यापर्यंत आम्ही पावसापाण्याचं, उसाच्या दराचं बोललो. नंतर तेही संपलं. कराडला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून चहा घेतला. त्यांनी दोन वडे मागवले, एक माझ्यापुढं सरकवला.

“खा की. साखरपुड्याचं जेवण तर तुला मिळालं न्हाई.”

मी वडा तसाच ठेवला. “साहेब, तुमचं नाव लागलं होतं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“बोलून काय गळा एकोणीसचा झाला असता?”

“पण मला कळायला हवं होतं.”

“कळून तू काय केलं असतंस? नोकरी सोडली असतीस. मग अप्पाचं नाव आलं असतं. त्याला तर घरीच घालवला असता त्यांनी, बावन्नाव्या वर्षी.” त्यांनी मिरची मोडली. “वडा थंड व्हायलाय.”

पुढं कोल्हापूरपर्यंत ते डोळे मिटून बसले. झोपले नव्हते, मला माहीत होतं.

तीन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र आलं. वैजयंतानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं, देवापुढं ठेवलं, आणि माझं तोंड बघून म्हणाली, “नोकरी मिळालीय की गेलीय?” मी तिला सगळं सांगितलं. तिनं पत्र देवापुढनं उचलून माझ्या हातात दिलं.  म्हणाली, “आधी त्यांच्याकडं जा.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांच्या केबिनमधे गेलो. पत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, घडी घालून मला परत दिलं.

“छान. राजीनामा आणलास?”

“नाही साहेब. मी दाबके साहेबांना पत्र लिहिणार आहे. चाळीस टन माझे होते, असं स्पष्ट. मग त्यांना ज्याला घ्यायचं त्याला घेऊ दे.”

साहेब उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या दाराला कडी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

“बस,” ते म्हणाले. स्वतः मात्र उभेच राहिले. “मगदूम, तुला काय वाटतं? मी देवमाणूस हाय?”

“साहेब...”

“ऐक. त्या चाळीस टनाचा राग मला अजून हाय. तू सकाळी आत येतोस, ‘नमस्कार साहेब’ म्हणतोस, तवा येतो. तू हसलास की येतो. त्या पुतण्याला गुड मॉर्निंग म्हणतो तवा तर असा येतो, की उठून तुझं मुंडकं पिरगाळावं. चार वर्षं. रोज. एक दिवस चुकलेला न्हाई.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. “माझी बायको म्हणती, एकदा बोलून टाका त्या पोराला, मोकळं व्हा. मी म्हणतो, बोललो तर तो भ्याला. भ्याला की चिठ्ठी लिहिताना हात कापणार, आणि कापत्या हातानं मेथडिंग होत न्हाई. म्हणून गिळतो.”

 मी त्या चार वर्षांत मागं जाऊन शोधत होतो. एखादा टोमणा, एखादी अडवलेली रजा, वार्षिक शेऱ्यात एखादा वाकडा शब्द. काही सापडत नव्हतं. सगळ्या विभागावर तोफ डागणाऱ्या ह्या माणसानं चार वर्षांत माझ्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता. आणि मी मूर्ख, मला वाटायचं मी लाडका आहे. ज्या पोरानं त्यांना बुडवलं, त्याच पोराच्या उलट्या साच्यावर दोन वर्षांनी त्यांनी सही केली होती. तो साचा फसला असता तर साहेब संपलेच असते. तरी केली, कारण गणितात चूक सापडत नव्हती.

“तू पत्र लिहिलंस तर काय होईल, सांगतो,” ते म्हणाले. “तुझी नोकरी जाईल. मला काय ती मिळायची न्हाई, चाळीस टनाचा डाग दोघांवर बसंल. आणि सोमवारपास्नं तू परत माझ्यासमोर. नमस्कार साहेब. मला नको ते. मी थकलोय रे राग गिळून. तू जा बाबा. तुझ्यासाठी जाऊ नको हवं तर, माझ्यासाठी जा.”

मी रडलो. पस्तिसाव्या वर्षी, साहेबांच्या केबिनमधे, पुसायला रुमालसुद्धा खिशात नसताना. ते पाठ फिरवून खिडकीतून भट्टीकडं बघत उभे राहिले. माझं आवरलं तसं वळले आणि कोरा कागद माझ्यापुढं टाकला.

“लिही राजीनामा. तारीख घाल. नोटिशीचं तीस दिवस भरायला पायजेत, एक बी कमी न्हाई.”

मी लिहिला. त्यांनी वाचला आणि पहिल्याच ओळीवर बोट आपटलं.

“आठ वर्षं शिकवलं तुला, आणि राजीनाम्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका? गाढवा, परत लिही!”

असं ते ओरडले की बाहेरचे दोन टायपिस्ट उभे राहिले. साहेब क्षणभर स्वतःच दचकले. मग परत ओरडले, आणखी मोठ्यानं.

ते पुढचे तीस दिवस रोज माझ्यावर ओरडले. चिठ्ठीवरून, चहावरून, सायकल कुठं लावली त्यावरून, अगदी मनापासून ओरडले. मी समोर उभा राहून ऐकायचो. आठ वर्षांत मला कामावर जायला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.